हिरव्या रेघांतली अव्वा

अव्वाचा आमच्याकडं एकच फोटो. काळा-पांढरा, कंबरेपासून वरचा. माझं माहेर पार शिरोळच्या खाली, कर्नाटकाला लागून. तिकडं मराठी घरांतही आईला अव्वा म्हणतात. फोटोत ती खुर्चीत ताठ बसलीय. गळ्यात फुलांचे हार, केसांत गजरे, कपाळाला विभूती, डोळे मोठे आणि थेट समोर. एवढी फुलं, एवढा थाट, म्हणजे हा डोहाळजेवणाचा फोटो, असं मी लहानपणीच ठरवून टाकलं. वडील शेवटपर्यंत तिच्याविषयी चकार शब्द बोलले नाहीत, मग माझं खोडून काढणार कोण? ह्या फोटोत पोटात मी आहे बरं का, असं मी मैत्रिणींना तोऱ्यात सांगायचे.

मी तीन वर्षांची असताना अव्वा गेली. तिची एकुलती एक आठवण माझ्याजवळ आहे. ती हिरव्या साडीत बसलीय, मी तिचा पदर ओढतेय आणि ती माझ्याकडं बघतेय. बस्स. बाकी सगळं कोरं. तेवढ्या जोरावर मी पन्नाशी गाठली. आणि फोटो काळा-पांढरा असला तरी मला त्यातली साडी कायम हिरवीच दिसायची.

यंदा बावड्याच्या आमच्या नव्या घराच्या भिंतीला ओल आली आणि फोटोचा कोपरा बुरशीनं खाल्ला. माझी लेक छपाईच्या दुकानात डिझाइनचं काम करते. तिनं फोटो कॉम्प्युटरवर घेऊन कोपरा नीट केला आणि म्हणाली, "मम्मी, एक जादू दाखवू?" साडीपुरत्या तिनं बारीक हिरव्या रेघा मारल्या, आडव्या-उभ्या, खिडकीच्या जाळीसारख्या. बाकी फोटो होता तसाच काळा-पांढरा.

"आता लांब जाऊन बघ."

मी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत मागं गेले आणि अंगावर सर्रकन काटा आला. अख्खी साडी हिरवीगार! जवळ गेले तर करड्या साडीवर नुसत्या रेघा. लांब गेले की पुन्हा हिरवी.

"रेघांच्या मधे रंग नाहीच," लेक म्हणाली. "तो आपला मेंदू भरतो. त्याला थोडं दिलं की उरलेलं तो आपल्या मनानं पुरं करतो."

मला कुठलं त्याचं भान! माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. अव्वा हिरव्या साडीत माझ्याकडं बघत होती.

मग कार्टीनं गंमत म्हणून रेघा लाल केल्या. साडी लाल झाली, आणि तीही तितकीच खरी वाटली. मी भडकलेच. "पूस ते आधी! कुठली बाई आणून बसवलीस ही?"

पण डोक्यात किडा वळवळायला लागला तो लागलाच. मेंदू असा मिळेल तो रंग भरत असेल, तर माझी हिरवी साडी कशावरून खरी? त्या एका आठवणीतही मीच रंग भरला असेल तर? मग अव्वाचं माझ्याजवळ राहिलं काय?

हे विचारायला आता एकच माणूस शिल्लक होतं, अव्वाची धाकटी बहीण. रविवारी आम्ही मायलेकी एसटीनं मावशीच्या गावी गेलो. टळटळीत दुपार. चहूबाजूंनी डोक्याच्या वर ऊस आणि पान हलत नव्हतं. मावशी घराच्या पुढच्या सोप्यात शेंगा फोडत बसली होती. मी फोटो तिच्या पुढ्यात धरला.

"मावशी, ह्यात अव्वाची साडी कुठल्या रंगाची हुती?"

"हिरवीच की."

माझा जीव भांड्यात पडला. लेकीला म्हटलं, "ऐकलंस? म्हणे मेंदू भरतो!"

"सवाष्ण गेली, मग हिरवीच नेसवनार न्हवं," मावशी म्हणाली.

लेकीचं हसू मावळलं. मी मात्र हसतच होते, मला ते उमजलंच नव्हतं. "गेली म्हंजे? डोहाळजेवणाचा फोटो न्हवं का ह्यो?"

मावशीचा हात थांबला. "कुनी सांगितलं तुला? आपल्यात मानूस गेलं की आंघुळ घालून, हार घालून बसवत्यात, ठावं न्हाय व्हय? तसं बसवल्यावर तुझ्या बापानं फोटोवाल्याला बोलावलं हुतं. जितेपनीचा तिचा एक बी फोटो न्हवता."

"पर डोळं उघडं हाईत की!"

"ते फोटोवाल्यानं मागनं ब्रशनं काढल्यात. मिटलेलं डोळं बापाला बघवंनात तुझ्या. आनि तू तिचा पदर धरून वढत हुतीस. कुनाला आवरंनास."

आमच्यात बसवूनच पुरतात, हे मला काय ठाऊक नव्हतं? सासऱ्यांना तसं भिंतीला टेकवून बसवलेलं मी स्वतः बघितलंय. तरी एवढ्या वर्षांत हे एकदाही मनात येऊ नये! माझी आठवण खरी होती, अगदी रंगासकट. फक्त माझ्याकडं बघणारे डोळे तिच्यात मी भरले होते. भर उन्हात मला मागं वळून बघायची भीती वाटली.

मग विचारलं, "जिती असताना काय नेसायची?"

"लाल. लई आवड लालची. तुला पांघरायची बी तेच."

घरी आल्या आल्या लेकीला म्हटलं, "ती लाल रेघांची काढ." तिनं पुसली नव्हती. मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले. साडी हळूहळू लाल झाली, आणि समोर एक देखणी, जिवंत बाई बसलेली दिसली. तिला मी आयुष्यात कधी बघितलं नव्हतं. ती माझ्याकडं परक्यासारखी बघत होती. मी तुझी मुलगी, असं तिला सांगावंसं वाटलं.