मनालीच्या थंडीत बंद हीटर आणि हातकणंगल्याचे मामा

कोल्हापुरात गाडीचा हीटर लावायची वेळ कुणावर येत नाही. आमच्या डिझेल गाडीत अकरा वर्षं ती लाल खुणेची खुंटी होती आणि आम्ही तिला कधी हातही लावला नव्हता. त्यामुळे फेब्रुवारीत गाडीनेच मनालीला जायचं ठरलं तेव्हा टायर, बॅटरी, ब्रेक, वायपर, सगळं तपासून झालं. हीटर तेवढा राहिला.

निघालो चौघं. मी, माझा नवरा संदीप, त्याचे मामा आणि मामी. मामांचं हातकणंगल्यात पस्तीस वर्षांचं गॅरेज आहे आणि आमच्या गाडीला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही. "गॅरेजच संगं हाय म्हटल्यावर भ्या कशाचं?" असं म्हणत त्यांनी पान्यांची पेटी मागं टाकली आणि पुढची सीट धरली. मामींना एकच गोष्ट हवी होती. गुडघे चालतायत तोवर एकदा बर्फावर उभं राहायचं.

मुक्काम केले धुळे, कोटा आणि अंबाला. घाई नसेल तर आणखी एक दिवस वाढवा, कारण कोटा ते अंबाला या पल्ल्यात पाठीचा भुगा होतो. राजस्थानात ढाब्यावरची बाजरीची भाकरी चुकवू नका. मामींनी ती खाल्ली आणि "आमची ज्वारीचीच बरी" असा निकाल देऊन आणखी एक मागवली.

चहाला थांबलो की मामा संदीपला तापमानाचा काटा दाखवायचे. "बघ, कसा तळाला बसलाय. नव्या गाडीचं बी इंजिन एवढं गार ऱ्हात न्हाय."

हिमाचलातलं मंडी मागं पडलं आणि थंडी काचेतून आत यायला लागली. स्टिअरिंग माझ्याकडे होतं. मी खुंटी लाल खुणेकडे फिरवली, पंखा लावला. फ्रिजचं दार उघडावं तसा वारा आला.

"थांब, जरा तापू दे," मामा म्हणाले.

अर्ध्या तासाने मामींनी हातात पायमोजे घातले.

"पोरी, खुंटी उलटी फिरवलीस का काय? आतली केबल तुटली आसंल," मामा म्हणाले.

"तू जरा जोरातच फिरवतेस," संदीपने मामांची री ओढली.

त्या गाडीत तेवढ्यात एकच गोष्ट तापली, ती म्हणजे मी.

सकाळी हॉटेलच्या आवारात मामांनी बॉनेट उघडलं. इंजिन गार असताना रेडिएटरचं झाकण काढून पाणी बघितलं, भरलेलं होतं. फ्यूज ठीक. डॅशबोर्डचा खालचा भाग उघडून केबल बघितली, धडधाकट! म्हणजे मी निर्दोष सुटले होते, पण निकाल कुणी वाचून दाखवला नाही. मग इंजिन चालू करून हीटरकडे जाणारे दोन्ही पाइप चाचपले. कोमट. "हवा धरलीया," म्हणत त्यांनी पाण्यातली हवा काढली. तरी फ्रिजचं दार उघडंच.

शेवटी हात पुसत मामा म्हणाले, "कंपनीचाच फॉल्ट हाय."

"अकरा वर्सांनी कळला व्हय?" मामींनी विचारलं. मग हळूच म्हणाल्या, "माझं गुडघं पार आखडल्यात. या गाडीतनं मी फुडं न्हाय यायची. तुमी तिघं जाऊन या."

त्यांच्याचसाठी एवढ्या लांब आलो होतो. मामांनी पाने पेटीत टाकले आणि परक्या गॅरेजात जायला तयार झाले.

कुल्लूच्या रस्त्यावर एक म्हातारे मिस्त्री भेटले, नेगीजी. त्यांनी काहीच उघडलं नाही. गाडीत बसले, थोडं फिरवून आणलं आणि काट्याकडे बोट दाखवलं. "यह ऊपर क्यों नहीं आता?"

"हमारा इंजिन गरमच नहीं होताय," मामा छाती काढून म्हणाले.

"इसमें थर्मोस्टॅट है?"

मामांचा चेहरा बघण्यासारखा झाला. थर्मोस्टॅट म्हणजे लिंबाएवढा वॉल्व्ह. इंजिन तापेपर्यंत तो पाण्याला रेडिएटरकडे जाऊ देत नाही. तो नसला की पाणी सारखं गार होत राहतं, आणि हीटरची ऊब त्याच पाण्यातून येते.

मामा जवळच्या टायरवर बसले. "मीच काढलाय. चार वर्सांमागं आंबा घाटात गाडी तापलती न्हवं? वॉल्व्ह अडकला हुता. म्हटलं, आपल्याकडं कशाला लागतोय, आणि टाकला काढून." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पोरी, तुझा काय दोष न्हाय. मी उगंच बोललो."

संदीपला त्याच क्षणी समोरच्या डोंगरात फार रस वाटू लागला.

"नीचे की आधी गाड़ियाँ ऐसे ही आती हैं, चाचा," नेगीजींनी मामांच्या हातात चहाचा ग्लास दिला. वॉल्व्ह दोन दिवसांनी मिळणार होता. तोवर रेडिएटरचा अर्धा भाग पुढून पुठ्ठ्याने झाका, म्हणजे गार वारा कमी लागेल, आणि काट्यावर नजर ठेवा, म्हणाले. सफरचंदाच्या खोक्याचा तो पुठ्ठा मामांनी स्वतः कापून बसवला. नेगीजींना हात लावू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी डोंगराखालच्या लांब बोगद्यातून पलीकडच्या सिस्सू गावाला, बर्फासाठी निघालो. ताजं बर्फ पडलं की साध्या गाड्या अडवतात, म्हणून सकाळी चौकशी करूनच निघा. काटा चढू लागला तसे मामा सीटवर पुढे सरकले. "वर आला! वर आला!" काटा वर येऊ नये म्हणून जन्मभर राबलेला माणूस तो. काटा मध्यावर थांबला आणि जाळीतून गरम वारा आला. मामींनी डोळे मिटले. "आता कसं गुडघ्यांना बरं वाटलं," म्हणाल्या.

सिस्सूला त्या बर्फावर उभ्या राहिल्या. मामांचा दंड घट्ट धरून चांगली दहा मिनिटं. डोळ्यांत पाणी होतं.

"एवढं गार आसतंय व्हय हे?" शेवटी म्हणाल्या. "आदी सांगायचं न्हाय?"

वॉल्व्ह आल्यावर मामांनी पुठ्ठा काढून तो बसवला आणि परतीच्या वाटेवर मामी अंबाल्यापर्यंत हीटर बंद करू देईनात. तुम्ही थंडीकडे जाणार असाल तर एवढंच करा. निघण्याआधीच गाडी वीस मिनिटं पळवा, काटा मध्यावर येतो का बघा आणि भर उन्हात का होईना, हीटर लावून बघा.

बर्फाचे फोटो आम्ही आता बघतही नाही. पण परवा मामांच्या गॅरेजात गेले, तर ते जुन्या वहीतून नंबर काढून एकेका गिऱ्हाईकाला फोन लावत होते. आजवर किती गाड्यांचे वॉल्व्ह काढलेत, त्यांनाही आठवत नव्हतं. बिद्रीच्या एका गिऱ्हाईकाचा मुलगा नोकरीसाठी गाडी घेऊन डेहराडूनला निघाला होता.

"पावणं, जायच्या आदी गाडी हिकडं आणा," मामा सांगत होते. "तुमच्या गाडीतली एक वस्तू मी काढलीया."

पलीकडचा आवाज मला दारापर्यंत ऐकू आला. "म्हंजे चोरलीसा व्हय?"

"न्हाय वो," मामा म्हणाले. "चोरली आसती तर ठिवली तरी आसती!"