टेकडीवरची माती

खणलेल्या कोरड्या मातीचा वास आला की मला धामणगाव बढेजवळची ती टेकडी आठवते आणि अजूनही डोकं फिरतं. महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. टेकडीच्या माथ्यावर हजारो वर्षांपूर्वीच्या वस्तीच्या खुणा होत्या, शेजारी दगड रचून केलेली त्या लोकांची थडगी होती, आणि त्यातलं एक उकरायचं काम माझ्याकडे होतं. कुणी दगड उचलून नेऊ नयेत म्हणून पहिल्याच दिवशी मी मोठ्या शहाणपणानं गावात सांगितलं, की खाली माणूस पुरलेला आहे. तेच नडलं. आम्ही दिवसभर खणायचो आणि सकाळी वर जावं तर खड्डा बुजत आलेला. आमच्या पुरातत्त्व खात्याचे साहेब पाहणीला येणार त्या दिवशी मी उजाडताच चढलो, तर गवत कापायला आलेली एक बाई विळा बाजूला ठेवून खड्ड्यात मुठीनं माती टाकत होती. "काय चालवलंय हे?" मी ओरडलो. "मातीले आली, भाऊ," ती शांतपणे म्हणाली. "गावातलं कोनी ऱ्हायलं नाही माती द्यायचं." "अहो, तो मेला त्याला हजारो वर्षं झाली." "मंग तं लयच उशीर झाला," म्हणत तिनं आणखी एक मूठ टाकली. साहेबांनी खड्डा पाहिला आणि काम बंद केलं. परवा एका मित्राच्या मातीला मी उशिरा पोचलो. खड्डा बुजलेला होता, माणसं परतत होती. तरी वाकून मूठभर माती टाकलीच, आणि हात झटकताना त्या बाईवर पुन्हा तसाच चिडलो.