सायकल जाते का?

कॉम्प्युटरचा कोर्स करून मी देवगडला एका कचेरीत कंत्राटी ऑपरेटर म्हणून लागलो, तेव्हा तिथे नुकताच एक प्रोग्रॅम आला होता. गाव आणि वाडी टाकली की स्क्रीनवर यायचं: हायस्कूल किती लांब, वाट कसली आणि सायकल जाते का. गावागावांतून भरून आलेले तक्ते बघून ही माहिती मी टाइप करायची होती. आठवीतल्या लांबच्या मुलींना सायकली मिळणार होत्या, आणि जिथे सायकल जाते तिथल्याच मुलींची नावं यादीत येणार होती.

बऱ्याच वाड्यांचे तक्ते आलेच नाहीत. पण 'सायकल जाते का' हा रकाना रिकामा ठेवला तर प्रोग्रॅम पुढे सरकत नसे. दिवसातून चारदा लाइट जायची, साहेब रोज विचारायचे, "झालं का?" मी त्या वाड्यांपुढे 'नाही' टाकत गेलो. तक्ते आले की दुरुस्त करू, असं मनाशी ठरवलं होतं. कुठल्या वाड्या, ते कुठेच लिहून ठेवलं नाही.

आलेल्या तक्त्यांसकट यादी जिल्ह्याला गेली आणि आठवड्याभराने मिठबावकडची एक मासे विकणारी बाई मुलीला घेऊन कचेरीत आली. रिकामी पाटी तिने दाराबाहेर ठेवली.

"माझ्या चेडवाचा नाव यादीत नाय. कित्याक?"

मी तिची वाडी टाकून बघितली. स्क्रीनवर 'नाही' आलं. घरी मीही मालवणीच बोलतो, पण तेव्हा मुद्दाम कचेरीची मराठी काढली. "तुमच्या वाडीला सायकलची वाट नाही, असं यात आहे."

"वाट नाय? मगे आमी काय उडान येतव? माझो घोव रोज त्याच वाटेन सायकलीवरसून मासळी न्हेता. परत बघ रे झिला."

मी परत बघितलं. पुन्हा तेच. मुलगी स्क्रीनकडे बघत होती, माझ्याकडे नाही.

त्या गेल्यावर मी सगळे 'नाही' स्क्रीनवर काढून बसलो. त्यातले खरे कुठले आणि माझे कुठले, हे ओळखायची काहीच सोय नव्हती. घाटीवरची वाडी, जिथे खरंच सायकल जात नाही, आणि ही वाडी, दोन्हींपुढे एकच शब्द. साहेबांना खरं ते सांगितलं. ते म्हणाले, "यादी गेली. आता हे बाहेर बोलू नकोस. तुझीही नोकरी जाईल, माझीही मान खाली जाईल."

रविवारी मी सायकल घेऊन त्या वाडीत गेलो. कातळाचा सपाट सडा, मग उतार, खाडीचा बांध. फक्त ओढ्यावरच्या अरुंद साकवावर उतरून सायकल हातात धरावी लागली. ती बाई अंगणात सुके बांगडे उलटत होती. मला बघून धावत आली.

"सायकलीन इलंस मा? बघलंस मा वाट? आता सायकल गावतली मा चेडवाक?"

मी हो म्हणून मान हलवली. नको होती हलवायला.

सरपंचांची सही-शिक्का घेऊन नवा तक्ता केला आणि एसटीने ओरोसला जिल्ह्याच्या कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनाने कागद वाचला, मग तोच प्रोग्रॅम उघडला.

"यात तर 'नाही' आहे."

"ते चुकून पडलंय. मीच टाकलंय."

"मग यादीच्या आधी सांगायचं होतं. आता पुढच्या वर्षी."

मी अर्ज केला, पुन्हा गेलो, तिसऱ्यांदा गेलो. तिसऱ्या वेळी त्याने मान वर केली नाही. स्टँडवरच्या बाकावर बसून मी एकामागून एक गाड्या सोडल्या. घरी जाऊन काय करायचं, हेच सुचत नव्हतं. अशा किती मुली असतील, ते मोजायलाही माझ्याकडे काही नव्हतं.

सायकली ट्रकने आल्या, वाटल्या गेल्या. दिवाळीनंतर ती बाई मला बाजारात भेटली.

"चेडू बांद्याक गेला, मावशीकडे. चलान चलान कंटाळला. शाळा सोडल्यान."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. त्याआधी तीच म्हणाली, "तुझो काय दोष, बाबा? तू येवन वाट तरी बघलंस. दुसरो कोण इलो?"

तेव्हा सांगायला हवं होतं. आजूबाजूला गिऱ्हाइकं होती, हे निमित्त पुरलं. त्यानंतरही ती अधूनमधून दिसायची, दरवेळी माझ्या आईची चौकशी करायची, आणि दरवेळी मी सांगायचं टाळलं.

पुढच्या जूनमध्ये दुरुस्तीला परवानगी आली. मी त्या वाडीपुढे 'हो' टाकलं. त्या वर्षी तिथून आठवीला एकही मुलगी नव्हती.