प्रश्न मित्राचा आहे

आमच्या कार्यक्रमात फोन करणारा माणूस स्वतःबद्दल कधीच विचारत नाही. मूळव्याध शेजाऱ्यांना असते, ऑनलाइन फसवणूक मेहुण्याची झालेली असते आणि केस कायम भाचीचे गळतात. वकील आले होते तेव्हा एका बाईंनी विचारलं, "माझ्या मैत्रिणीचे मिस्टर फार घोरतात. ती हॉलमध्ये झोपायला गेली तर कायद्यानं चालतं का?" वकिलांनी गंभीरपणे "चालतं" म्हणून सांगितलं. त्यावर बाई आनंदानं म्हणाल्या, "ऐकलंत का हो?" हे त्या आमच्याशी बोलत नव्हत्या.

कार्यक्रम रोज संध्याकाळी असतो, केबलवर आणि मोबाइलवर एकदमच. तुर्भ्याला टाइल्सच्या दुकानावर आमचा स्टुडिओ आहे. रोज नवे तज्ज्ञ येतात आणि लोक फोनवरून त्यांना काहीही विचारतात. काचेच्या अलीकडे छोटी खोली आहे, तिथे मी बसते. फोन घ्यायचा, गाव आणि प्रश्न विचारायचा, टीव्हीचा आवाज कमी करायला सांगायचं आणि लाइन आत द्यायची, हे माझं काम.

मला हे काम मिळालं तेव्हा घरात कुणाचा विश्वास बसला नव्हता. मी शाळेत इंग्रजी बोलायचे, घरी साताऱ्याची मराठी, आणि परक्या माणसांशी काहीच नाही. पाहुणे आले की मी पाणी देऊन जी आत जायची ती त्यांच्या चपला दारातून गेल्यावरच बाहेर यायची. पण फोनवर समोर चेहरा नसतो. हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं आणि कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर लगेच लोकांनी मला बोलायला लावलं असतं.

मग आमच्या प्रोड्युसर सरांनी माझ्यावर पहिला फोन सोपवला.

"हे बघ," सर म्हणाले, "लग्नात पहिल्या पंगतीला कुणी बसत नाही. दहाजण बसलेले दिसले की मग जागा पुरत नाही. म्हणून पहिला फोन आपला."

माझ्या आधी हा पहिला फोन सर स्वतः करायचे, पनवेलचे गृहस्थ बनून. एक दिवस एका आजोबांनी खरोखरच फोन केला आणि आतल्या डॉक्टरांना विचारलं, "ते पनवेलचे गृहस्थ वाचतील का हो? त्यांना रोज नवीन आजार होतोय." त्या दिवशी सर निवृत्त झाले.

मी पहिल्यांदा नेरूळची विद्यार्थिनी झाले. प्रश्न कागदावर लिहून घेतला होता, तरी वाचताना दोनदा चुकले. पण प्रश्न विचारून झाला, तज्ज्ञांनी "फार छान प्रश्न" असं म्हटलं आणि मला काहीतरी चढल्यासारखं झालं. पुढच्या आठवड्यात मी सीवूड्सच्या काकू झाले. मग ऐरोलीच्या निवृत्त शिक्षिका. बेलापूरची सासू झाले तेव्हा तर सुनेच्या एअर फ्रायरबद्दल इतकी तणतणले, की आहारतज्ज्ञ बाईंनी मला रोज दहा मिनिटं डोळे मिटून बसायचा सल्ला दिला. सर काचेपलीकडे टेबलावर डोकं ठेवून हसत होते. माझ्या आत्या, मावश्या, लिफ्टमधल्या बायका, ज्यांच्यासमोर मी आयुष्यभर गप्प बसले होते, त्या सगळ्या माझ्या तोंडून भराभर बाहेर येत होत्या.

आणि पंगत खरंच भरायची. एका वडिलांनी विचारलं, "ए आयमुळे माझ्या मुलाची नोकरी जाईल का?" तज्ज्ञांनी विचारलं, "मुलगा काय करतो?" "नोकरी शोधतोय." करावे गावातल्या एका मावशींनी आहारतज्ज्ञांना विचारलं, "मॅडम, त्यो सलाड जेवनाच्या आधी खावाचा का जेवनाच्या जागी? जेवनाच्या जागी असल तर मना नको." परदेशातल्या युद्धावर बोलायला आलेल्या प्राध्यापकांना कुणीतरी विचारलं, की मग यंदा आमच्या सोसायटीचं लिफ्टचं काम पुढे ढकलावं का. प्राध्यापकांनी जरा विचार करून सांगितलं, की ढकलू नये.

घरी मी यातलं काही सांगत नव्हते. कोपरखैरण्याला आमचं घर आहे, माथाडी कामगारांच्या वसाहतीत. पप्पा भाजी मार्केटमध्ये ओझी उचलतात. पहाटे जातात, दुपारी येतात, जेवून झोपतात आणि संध्याकाळी आईबरोबर माझा कार्यक्रम बघतात. मी त्यात कधीच दिसत नाही, हे दोघांना माहीत होतं. तरी बघायचे. आई म्हणायची, "कधी चुकून दिसलीस तर?"

त्या वर्षी पप्पा खोकताना डावा हात जांघेशी दाबून धरायला लागले. जिना चढताना मधेच थांबायचे आणि जिन्याकडेच रागानं बघायचे. पँटखाली एक रुंद पट्टा आला. मी विचारलं नाही. आईनं विचारलं तर म्हणाले, "वायगोळा हाय. जिरंल." त्यांच्या हमालांच्या टोळीतल्या एकाला असाच वायगोळा झाला होता. एका रात्री असह्य दुखायला लागलं म्हणून त्याला ॲम्ब्युलन्समधून न्यावं लागलं होतं, हे वसाहतीत सगळ्यांना ठाऊक होतं. आई डॉक्टरचं नाव काढायची आणि पप्पा उठून गॅलरीत जायचे. मी ताटावर बसून इंटरनेटवर वाचलेली सगळी वाक्यं मनात रचायचे. वाक्यं बरोबर होती, फक्त तोंडापर्यंत येत नव्हती. आमच्या घरात मुलीनं वडिलांशी जांघेबद्दल कसं बोलायचं, हे कुठल्याच भाषेत मला येत नव्हतं.

आणि मग एक दिवस तज्ज्ञ म्हणून पोटाच्या ऑपरेशनचे डॉक्टर आले.

सरांनी मला पहिला प्रश्न दिला होता ॲसिडिटीचा. वाशीची गृहिणी, चहा जास्त. मी रिसीव्हर उचलला, लाइन आत गेली, आमच्या सूत्रसंचालक ताई गोड आवाजात म्हणाल्या, "बोला, आपण कुठून बोलताय?"

"घणसोली," मी म्हटलं. काचेपलीकडे सरांनी मान वर केली.

"आपला प्रश्न?"

"माझ्या मिस्टरांना जांघेत फुगवटा येतो. खोकल्यावर जास्त दिसतो. आडवं पडलं की आत जातो."

हे मी लाइव्ह बोलले. डॉक्टर पुढे सरकून बसले. "मिस्टर काम काय करतात?"

"ओझी उचलतात. मार्केटमध्ये."

"वय काय त्यांचं?"

"छप्पन्न."

मी खरं वय सांगितलं, कारण दुसरं सुचलंच नाही. पण गडबडीत आवाज माझाच राहिला होता, चोवीस वर्षांचा. डॉक्टर क्षणभर थांबले. ताईंच्या भुवया पार केसांपर्यंत गेल्या.

"आमच्यात जरा अंतर आहे," मी म्हटलं.

सर खुर्चीसकट मागे फिरले. त्यांचे खांदे तेवढे हलताना दिसत होते.

डॉक्टरांनी मात्र नीट सांगितलं. हा हर्निया असणार, पण तपासल्याशिवाय नक्की म्हणता येणार नाही. आपोआप बरा होत नाही, पट्ट्यानं दाबून जात नाही. घाबरायचं कारण नाही, पण टाळायचंही नाही. फुगवटा आत जाईनासा झाला, जोरात दुखायला लागलं किंवा उलट्या झाल्या, तर त्याच क्षणी हॉस्पिटल. मी "थँक यू" म्हणून फोन ठेवला. माझे कान भट्टीसारखे तापले होते. मी खुर्चीत बसल्या बसल्याच हसायला लागले आणि हसू थांबेना.

तेवढ्यात पुढचा फोन वाजला.

"नमस्कार, आपण कुठून बोलताय?"

पलीकडे कुकरची शिट्टी. टीव्हीवर आमच्याच ताईंचा आवाज, जरा उशिरानं येणारा. मग एक खाकरणं. ते खाकरणं मी जन्मल्यापासून ऐकत आले आहे.

"कोपरखैरणं," पप्पा म्हणाले.

माझं हसू जागच्या जागी बंद झालं. "प्रश्न काय आहे?"

"माझा न्हाय. मित्राचा हाय."

मागून आई कुजबुजली. तिची कुजबुज शेजारच्या बिल्डिंगपर्यंत जाते. "अवो, इचारा की पटकन! ती काय म्हंती?"

"टीव्हीचा आवाज कमी करा," मी म्हटलं.

"केला."

"लाइनवर थांबा, पप्पा."

मी बटण दाबलं.

"बोला," ताई म्हणाल्या.

"डॉक्टरसायेब, आत्ता त्या बाईंनी इचारलं ना, तसंच माझ्या मित्राला हाय. पर त्यो ऑपरेशनला भितोय."

"भीती कसली वाटते मित्राला?"

"कापायची न्हाय." पप्पा थांबले. "गुंगी देत्यात त्याची. आमच्यातल्या एकाला दिली, तर गडी शुद्धीवर येताना काय काय बोलला. समदं. सासूबद्दलसुदिक. सासू हुती तिथंच."

स्टुडिओत कॅमेरामनचा कॅमेरा हलला. डॉक्टरांनी तोंडावर रुमाल धरला आणि खोकल्याचं निमित्त केलं. "मित्राला सांगा, या ऑपरेशनला बऱ्याचदा फक्त कमरेखालचा भाग बधिर करतात. माणूस जागा असतो. काय बोलायचं ते त्याच्या हातात राहतं."

"जागा असतो?" पप्पांचा आवाज एकदम सैल झाला. "मग आधी का न्हाय कुणी सांगितलं?"

"मित्राच्या घरी कुणी डॉक्टरांना विचारलं नाही का?"

"मित्राची पोरगी हाय. शिकलेली. पर लई बुजरी. आता टीव्हीवर इचारलं तिनं, पर घरात न्हाय इचारलं." मागून आईनं भर घातली, "बायको झाली हुती त्याची, बया!" हे सगळं केबलवर गेलं.

ताई काचेतून माझ्याकडे बघत होत्या. सर पण. डॉक्टर कुणाकडे बघावं ते न कळून माइककडे बघत होते. माझ्यासमोर दोन फोन होते. एकावर पप्पा होते. दुसरा थेट आत लागायचा, ज्यावरून मी रोज कुणी ना कुणी व्हायचे. मी तो उचलला.

"अजून एक फोन आलाय," ताई म्हणाल्या. त्यांना हसू आवरत नव्हतं. "आपण कुठून बोलताय?"

"बाजूच्या खोलीतून."

"आणि प्रश्न?"

"प्रश्न नाही. मी त्या मित्राची मुलगी बोलतेय. पप्पा, सोमवारी दवाखान्यात जायचं. मी येते बरोबर."

"सोमवारी मार्केट भरल्यालं असतंय," पप्पा लगेच म्हणाले. "गाड्या लई."

"मंगळवारी मग!" आई ओरडली.

"मंगळवारी माझी दुपारी शिफ्ट आहे," मी म्हटलं.

"तिला सुट्टी आहे," सरांनी चालू कार्यक्रमात, कॅमेऱ्यासमोर येऊन सांगितलं. डॉक्टर म्हणाले, मंगळवारी सकाळी ते स्वतः ओपीडीत असतात. पप्पांनी आईला कॅलेंडरवर मंगळवार बघायला लावला. मग म्हणाले, "बरं. सकाळचं. उपाशी यायचं का जेवून?" आणि डॉक्टरांनी अख्ख्या नवी मुंबईला सांगितलं की तपासणीला जेवून या.

ऑपरेशन झालं. पप्पा पूर्ण वेळ जागे होते. नंतर डॉक्टरांनी जड उचलायला बंदी केली, मार्केटला रजा पडली आणि ज्यांनी उभ्या आयुष्यात दिवसाउजेडी पाठ टेकली नव्हती ते पप्पा पलंगावर पडून कंटाळले. मग फोन सुरू झाले. हवामानतज्ज्ञांना त्यांनी विचारलं, यंदा कोथिंबिरीचं काय. सायबर तज्ज्ञांना विचारलं, चोरांकडे माझा नंबर गेलाय तर त्यांचा मला मिळंल का. सर म्हणाले, नातेवाइकांना आठवड्यातून एकदाच. मी ते पप्पांना सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी ते दिघ्याहून बोलू लागले.

परवा फोन वाजला. "आज कोण आलंय?"

"गुंतवणूक सल्लागार. द्यायची का लाइन आत?"

"नको, ऱ्हाऊ दे. त्यो काय सांगणार." मग म्हणाले, "तुलाच इचारतो. जेवलीस का?"

दुसरी लाइन वाजत होती. सर काचेवर पेनानं टकटक करत होते. मी खुर्ची भिंतीकडे वळवली आणि डब्यात काय होतं, आईनं भाजीत मीठ कसं दोनदा घातलं होतं, ते सगळं त्यांना सांगत बसले.