भोईरमामांची पावलं

लिंबू-मिरची, अमावास्या, अंगात येणं – या सगळ्याची मी आयुष्यभर टिंगल केली. आमच्या वाशीच्या सोसायटीत लिफ्टमध्ये कुणी बाई दिसते म्हणून बायका चार-चार मजले चढून जायच्या. मी एकटी लिफ्टने जायचे, तेही गाणं म्हणत. भुताखेतांवर माझा आजही काडीचा विश्वास नाही. पण एक कागद मी या डोळ्यांनी पाहिलाय... आणि त्याचं सांगायचं तर माझंही सांगावं लागेल. ते काही फार बरं नाहीये.

नव्वदच्या दशकाचा मध्य. ठाणे-बेलापूर रोडपासून जरा आत, तळवलीच्या बाजूला आमचं इंजिनिअरिंग कॉलेज. तिथल्या तळमजल्यावरच्या लॅबमध्ये मी पीएचडी करत होते. टीव्हीच्या खोक्याएवढ्या उपग्रहाला अवकाशात हळूच ढकलणारं एक चिमुकलं इंजिन आम्ही बनवत होतो. त्याचा जोर किती, तर कागदाच्या कपट्याच्या वजनाएवढा. तो मोजायला हवा काढून घेतलेल्या एका लोखंडी टाकीत नाजूक काटा टांगलेला, आणि त्याला जोडलेलं पेन बाहेर सरकत्या, चौकोन आखलेल्या कागदावर रेघ काढायचं.

काटा इतका नाजूक की खोलीत कुणी चाललं तरी पेन उडायचं. म्हणून टेस्ट रविवारी दुपारी, बिल्डिंग रिकामी असताना. आत दोनच माणसं, अनवाणी, स्टुलावर गप्प. मी आणि लॅब अटेंडंट भोईरमामा.

मामा तळवलीचेच. जमिनी टाउनशिपमध्ये गेल्या, त्या बदल्यात ही नोकरी, तीही टेम्पररी. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे डावा पाय बारीक. कागदावर त्यांची चाल आम्ही लांबून ओळखायचो – एक उंच रेघ, एक बुटकी, एक उंच, एक बुटकी. मी त्यावरून त्यांची चेष्टाही करायचे, आणि ते बिचारे हसायचे. पण हात काय सुरेख होते त्यांचे! तो काटा त्यांनीच टांगला होता. पर्मनंट करायची त्यांची फाइल तेव्हा वर गेली होती. पंधरा वर्षं वाट पाहत होता माणूस.

त्या रविवारी बाहेरचे दोन तज्ज्ञ टेस्ट पाहायला आले होते. माझे गाइड असलेले सर त्यांना घेऊन आवारात खुर्च्या टाकून बसले, कारण आत माणसं नकोत. यावर माझी फेलोशिप पुढे चालणार की बंद होणार, ते ठरायचं होतं.

मी इंजिन चालू केलं. कागदावर सपाट रेघ. परत चालू केलं. सपाटच. मी घामाघूम.

आणि मग पेन उडालं. उंच, बुटकी, उंच, बुटकी... मी मान वर केली. मामा माझ्यासमोर तीन फुटांवर स्टुलावर, हात गुडघ्यांवर, पुतळ्यासारखे. मी त्यांच्या पायांकडे बघत होते आणि पेन त्यांची चाल काढत होतं. अकरा पावलं. मग सहा चौकोन सपाट. मग पुन्हा पावलं, बारीक बारीक होत जाणारी, कुणी लांब जात असावं तशी.

मी रुमालासाठी एप्रनच्या खिशात हात घातला. किल्ली! काट्याला जोराचा धक्का बसू नये म्हणून एक स्क्रू घट्ट करून ठेवायचा, टेस्टआधी सैल करायचा आणि किल्ली भिंतीवरच्या खिळ्याला लावायची, ही आमची पद्धत. माझी किल्ली खिशात. म्हणजे काटा अजून आवळलेलाच होता. इंजिनाचा जोर दिसणार कुठून? पण मग पावलं तरी कशी दिसली? आवळलेल्या काट्याशेजारी हत्ती नाचवला असता तरी पेन हललं नसतं.

तेवढ्यात सर पाहुण्यांना घेऊन आत आले. कागद पाहिला. मामांची चाल तेही ओळखत होतेच. "कोण चाललं?" त्यांनी मला विचारलं.

किल्ली माझ्या मुठीत होती.

"भोईर उठले होते, सर," मी म्हणाले.

 मामा माझ्याकडे वळले. "मॅडम, मी बसलेलो. तुमी बगत होता ना मना?"

मी कागदाची घडी सरळ करत राहिले. सर पाहुण्यांसमोर नको नको ते बोलले. फाइल उद्याच परत मागवतो म्हणाले, आणि आत्ताच्या आत्ता निघायला सांगितलं. मामा स्टुलावरून उठले.

माझी नजर कागदावर आधीच उमटलेल्या रेघांवर होती. उंच, बुटकी, उंच, बुटकी. त्यांचं एकेक पाऊल पडत होतं आणि माझं बोट एकेका रेघेवरून पुढे सरकत होतं. दारापर्यंत बरोबर अकरा झाली. तिथे ते थांबले आणि वळून माझ्याकडे बघत उभे राहिले.

त्यानंतर मी कित्येकांना विचारलंय. विजेचा झटका म्हणा, पेनाचा बिघाड म्हणा, मी सगळं तपासलं. घडायच्या आधीच ती चाल कागदावर कशी उमटली, मला आजही सांगता येत नाही. आठवड्याभरात टेस्ट पुन्हा झाली, छान झाली, फेलोशिप चालू राहिली. मामांना कुणी परत बोलावलं नाही. ते रबाळ्याला एका कारखान्याच्या गेटवर बसतात असं नंतर कळलं. मी त्या रस्त्याने जाणं टाळलं.

पण त्या दुपारी ते दारात उभे होते, तेव्हा कागदावर सहा चौकोन सपाट होते. एक चौकोन म्हणजे पाच सेकंद. अर्धं मिनिट ते थांबणार, हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं. एक वाक्य बोलायला तेवढा वेळ भरपूर होतो.

मी चौकोन मोजले. सहावा संपला, आणि ते गेले.