विरजण मागायला येणारी माणसं

माझ्या थोरल्या नणंदेइतकी घाबरट बाई एकोणीसशे नव्वदच्या सुमाराला अख्ख्या मीरा-भाईंदरात दुसरी नसेल, आणि लोकांची भीती घालवणं हाच तिचा व्यवसाय होता. ताई समुपदेशक. मुंबईच्या इस्पितळातली नोकरी सोडून आमच्या मागोमाग भाईंदरच्या इंद्रलोक वसाहतीत, आमच्याच खालच्या मजल्यावर राहायला आल्या आणि आपल्या बाहेरच्या खोलीत बसून लोकांचं ऐकून घेऊ लागल्या. स्वतः मात्र पाल दिसली की पलंगावर चढायच्या, गिझरचं बटण लाटण्याने दाबायच्या, आणि गेटपासून परत येऊन कुलूप असं ओढून बघायच्या की एकदा कडीच हातात आली. मी हसले तर म्हणाल्या, "हसू नकोस. न घाबरणाऱ्याला घाबरलेल्याचं काय डोंबल कळणार?"

दारावर पाटी नव्हती. पाटी बघून कुणी फिरकलंच नसतं. अशा ठिकाणी जातो तो वेडा, असा तेव्हा सरळ समज होता. म्हणून ताईंनीच तोडगा काढला. येताना हातात वाटी घेऊन यायचं आणि कुणी विचारलंच तर विरजण मागायला आलोय म्हणायचं. जवळच्या खारी गावातल्या सासुरवाशिणी, बँकेतले साहेब, सगळे वाट्या घेऊन जिना चढू लागले. ताईंच्या दह्याची ख्याती पसरली आणि व्हायचं तेच झालं. तळमजल्यावरची गुजराती भाभी खरोखरच विरजण मागायला आली. ताईंनी तिला बसवलं, पाणी दिलं आणि हळूच विचारलं, "नींद कब से नहीं आती?" भाभी बघतच राहिली. मग म्हणाली, "आपको किसने बताया?" आणि पदराने डोळे पुसू लागली. त्या दिवशी तिच्या घरी कढी झाली नाही, पण पुढच्या आठवड्यात ती तीच वाटी घेऊन पुन्हा आली.

मी वाटी न घेता गेले. आमचे हे हाटकेश भागातल्या एका कारखान्यात पत्रा कापणाऱ्या पॉवर प्रेसवर कामाला होते. शेजारच्या गाळ्यात एकाची बोटं गेली, तेव्हापासून संध्याकाळी यांच्या स्कूटरचा आवाज येईपर्यंत मी गॅलरीतून हलायचे नाही. तेही सोसलं असतं, पण लहानगी लेक माझ्याशेजारी गॅलरीत उभी राहून नखं खायला लागली. माझी भीती तिला लागत होती.

"घाबर, पण अर्धवट घाबरू नकोस," ताई म्हणाल्या. "शेवटपर्यंत सांग."

"यांना काही झालं तर?"

"मग?"

"लोक येतील."

"मग?"

"घरात एवढे कप नाहीत हो!"

दोघी हसलो. काही दिवस बरे गेले.

मग एका संध्याकाळी दिवे गेले आणि हे आलेच नाहीत. नाक्यावरच्या पीसीओवरून फोन केला, कारखान्यात कुणी उचलेना. ताई अंधारात जिना चढून आल्या. मी म्हटलं, "ताई, हात गेला असेल प्रेसमध्ये." त्यांनी "मग?" विचारलंच नाही. मेणबत्तीच्या उजेडात त्या दाराची कडी पुन्हा पुन्हा काढून-घालून बघू लागल्या आणि माझं उरलंसुरलं बळ गेलं.

"विचारा ना, ताई."

"नाही विचारवत गं. आई गेली तेव्हा तो एवढासा होता. शाळेतून यायला उशीर झाला की मी दारात उभी राहायचे. तेव्हापासून उभीच आहे."

लेकीने विचारलं, "आत्या, तू पण घाबरतेस?"

"खूप."

लेकीने तोंडातलं बोट काढलं आणि ती आत्याच्या मांडीवर जाऊन बसली. थोड्या वेळाने तिला चक्क भूक लागली. आम्ही तिघी वरणभात जेवलो. भीती होतीच, पण घास उतरला.

हे आले ते पंक्चर झालेली स्कूटर ढकलत. ताईंनी धाकट्या भावाच्या पाठीत असा धपाटा घातला की शेजारचे दार उघडून बघायला आले.

ताई जाऊन आता बरीच वर्षं झाली. लेक नोकरीवरून उशिरा येते, मी गॅलरीत उभी राहते. हे आतून म्हणतात, "येईल गं, कशाला घाबरतेस?" खरंच आहे त्यांचं. पण "मला पण भीती वाटतेय" असं म्हणत शेजारी येऊन उभं राहणारं माणूस आता घरात नाही.