धाकट्यानं आणलेला प्रोसेसर

कॉम्प्युटरच्या बाजारात त्या दोघा भावांना नावानं कुणी हाक मारत नसे. एक थोरला, एक धाकटा, बस्स. दुकान तळघरात. जिना उतरलं की डावीकडे, प्रिंटर दुरुस्त करणाऱ्याच्या शेजारी. भर दुपारीही ट्यूबलाइट लावावी लागे. काउंटरवर धाकटा बसायचा आणि मागच्या टेबलावर थोरला. ही वाटणी कुणी ठरवून केलेली नव्हती, स्वभावानंच पडली होती. थोरल्याला अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की घाम फुटायचा, आणि धाकट्याला गप्प बसायचं म्हटलं की पोटात दुखायचं.

कुठला भाग कुठल्या मशीनला चालतो, हे धाकट्याच्या तोंडावर असायचं. थोरला मशीन उघडायचा, पुसायचा, बसवायचा. पण काय बसवायचं ते सांगायचा धाकटा. नावाजलेल्या कंपन्यांचे तयार डेस्कटॉप आले की तर विचारूच नका. सुटे भाग जोडून केलेलं मशीन असलं तर हे नाही ते बदलून वाट काढता येते. कंपनीच्या डब्यात सगळंच ज्याचं त्याचं. मदरबोर्डचा आकार वेगळा, पॉवर सप्लायची पिन वेगळी, साध्या बटणाची वायरसुद्धा दुसरीकडे लागायची नाही. "हे सासर आहे, साहेब," धाकटा गिऱ्हाइकाला सांगायचा. "नवं माणूस आणायचं तर आधी घरच्यांना विचारायचं. खुर्ची रिकामी दिसली म्हणून जाऊन बसता येत नाही." गिऱ्हाईक हसायचं आणि वेगवान प्रोसेसरचा हट्ट सोडून द्यायचं.

हा धाकटा एके दिवशी काउंटरमागे उभ्या उभ्या कोसळला. डोक्यात गाठ निघाली. ती बऱ्याच आधीपासून वाढत असावी, असं डॉक्टर म्हणाले. थोरल्यानं ते ऐकलं, मान हलवली, आणि औषधं आणायला खाली गेला. शस्त्रक्रिया झाली. थंडी सुरू व्हायच्या आत धाकटा गेला.

थोरला रडला नाही. आल्यागेल्याला पाणी दिलं, खुर्च्या मांडल्या, खुर्च्या उचलल्या. लोक म्हणाले, "मोठा भाऊ खंबीर आहे हो." खंबीर कसला! दाताच्या डॉक्टरनं सुई टोचल्यावर आपलाच ओठ आपला वाटेनासा होतो ना, तसं त्याचं सगळंच झालं होतं. बायकोनं विचारलं, "भाजी कशी झालीय?" तर तो म्हणायचा, "झालीय." एकदा प्रोसेसर थंड ठेवणारा तापलेला हीटसिंक त्यानं उघड्या हातानं उचलला, आणि बोट भाजल्याचं त्याला फोड आल्यावर कळलं.

आता काउंटरही त्यालाच सांभाळावा लागे. कुणी थट्टेनं विचारलं, "काय हो, वाचेल का आमचा पेशंट?" तर हा सरळ सांगायचा, "मदरबोर्ड गेलाय. नाही वाचणार." गिऱ्हाइकं हळूहळू पांगली. त्याचंही त्याला काही वाटलं नाही. वाटायला हवं, एवढं मात्र कळत होतं.

अशाच एका दुपारी धाकट्याची बायको दुकानात आली. टॉवेलात गुंडाळलेला तिचा डेस्कटॉप प्रिंटरवाल्यानं जिन्यावरून उतरवून दिला.

"भाऊजी, कामात आहात?"

"नाही. ये, बस."

ती बसली, पण धाकट्याच्या खुर्चीवर नाही, बाजूच्या खोक्यावर. ती घरबसल्या सुतारांना स्वयंपाकघरांची चित्रं काढून द्यायची. कुठे ओटा, कुठे कपाट, दार उघडलं तर कशाला आपटेल, सगळं आधी पडद्यावर दिसायचं. मध्यंतरी तिचं सॉफ्टवेअर बदललं आणि मशीन रडायला लागलं.

"एक चित्र तयार करायला लावते आणि कपडे वाळत घालून येते," ती म्हणाली, "तरी अर्धंच झालेलं असतं. सुतार खालून हाका मारतात."

मग तिनं पर्समधून एक छोटं खोकं काढलं. "हा प्रोसेसर त्यांनी आणून ठेवला होता माझ्यासाठी. बसवून देतो, बसवून देतो म्हणत राहूनच गेलं. काल कपाट आवरताना हाताला लागला."

एरवी कुणीही प्रोसेसर घेऊन आलं असतं, तर थोरल्यानं आधी मशीनचं मॉडेल पाहिलं असतं. पण हा धाकट्यानं आणलेला. धाकट्यानं आणलेला भाग तपासून बघायची त्याच्या हातांना सवयच नव्हती. त्यानं झाकण काढलं, पंखा सोडवला, जुन्या प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट पुसली, खटका उचलून तो बाहेर घेतला. नवा जागेवर ठेवला. तो अलगद बसला, जराही जोर लावावा लागला नाही. खटका लागला, पंखा लागला. त्यानं बटण दाबलं.

पंखा एकदम गरजला. पडदा काळाच. थोड्या वेळानं मशीन आपोआप बंद पडलं, आपोआप चालू झालं, पुन्हा गरजलं. थोरल्यानं मेमरी काढून लावली, बोर्डावरची बॅटरी काढून लावली, प्रोसेसर बसतो त्या सॉकेटातल्या पिना भिंगातून पाहिल्या. एकही वाकलेली नव्हती. पुन्हा चालू केलं. पुन्हा तेच.

तेव्हा कुठे त्यानं प्रोसेसरवरची बारीक अक्षरं वाचली. मग मशीनच्या मागचं लेबल वाचलं. मग दोन्ही परत वाचली.

"नाही चालत?" भावजयीनं विचारलं.

"नाही. चालणारच नाही."

"बिघडलाय का?"

"प्रोसेसर चांगला आहे. मशीनही चांगलं आहे." तो शब्द शोधत राहिला. धाकटा असता तर एका वाक्यात सांगून मोकळा झाला असता. "हा पुढच्या पिढीचा आहे. सॉकेट तेच दिसतं, बसतोही बरोबर. पण आतल्या पिनांना वीज वेगळ्या तऱ्हेनं लागते. आणि हा कंपनीचा बोर्ड, तो याला ओळखतच नाही. साधं मशीन असतं तर बोर्ड बदलला असता. या डब्यात दुसरा बोर्ड मावायचाही नाही."

"मग त्यांनी का आणला?"

"चुकून आणला असेल."

थोरल्यानं जुना प्रोसेसर परत बसवला, मशीन निमूटपणे सुरू झालं.

"कधी आणला होता हा?" त्यानं विचारलं.

"पोरीची परीक्षा चालू होती तेव्हा." ती टॉवेलाची घडी घालत होती. "त्या आधीही असेल. नंतरचा नक्की नाही."

"मशीन राहू दे इथंच. मी बघतो."

ती गेल्यावर थोरला खोकं हातात घेऊन बसून राहिला. पुतणीची परीक्षा म्हणजे धाकटा कोसळला त्याच्या कितीतरी आधी. आणि चूक तरी कसली! भाग आणताना रंग चुकतो, लांबी चुकते, ते वेगळं. नुसतं सॉकेट जुळलं म्हणून प्रोसेसर उचलून आणणं, ही नवशिक्याची चूक. याच चुकीवरून धाकटा दिवसभर गिऱ्हाइकांची फिरकी घ्यायचा.

त्यानं सुट्या भागांच्या व्यापाऱ्याला फोन लावला. बाजारात त्याला सगळे चष्मेवाला म्हणत.

"हो, माझ्याकडूनच नेला," चष्मेवाला म्हणाला. "स्वतः आला होता. मी म्हटलंसुद्धा, अरे, वहिनींच्या त्या डब्यात हा कसा चालेल? तर म्हणतो, सॉकेट तेच आहे ना! मला वाटलं, नेहमीसारखी थट्टा करतोय. मी हसलो. तोही हसला." मग जरा थांबून त्यानं विचारलं, "का? बसवला की काय खरंच?"

"नाही," थोरला म्हणाला. "बदलून हवा होता."

फोन ठेवल्यावर त्याला एकेक गोष्ट दिसायला लागली. धाकट्यानं सांगितलेली मेमरी मशीनला लागली नव्हती, ते. एका वकिलाचा डेस्कटॉप त्यानं शाळेला देऊन टाकला होता, ते. नेहमीच्या वायरी खणात शोधत तो उभाच राहायचा, ते. प्रत्येक वेळी थोरल्यानं गुपचूप निस्तरलं होतं. दमला असेल, झोप झाली नसेल. एवढंच काय ते त्याच्या मनात आलं होतं. दोघांच्या खुर्च्यांमध्ये एक टेबल, बाकी काही नाही. आणि डॉक्टरांचं ते वाक्य, बऱ्याच आधीपासून वाढत असावी, ते आत्ता येऊन त्याच्यासमोर बसलं.

त्याला वाटलं, आता रडू येईल. त्यानं वाट पाहिली. आलं नाही. प्रिंटरवाल्यानं चहा पाठवला होता, तो त्यानं प्यायला.

पुढचं काम सरळ होतं. बोर्डातलं मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर, बायोस, त्यानं शेवटच्या आवृत्तीला नेलं, बोर्ड कुठवर झेपवतो ते पाहिलं, आणि त्याच जुन्या पिढीतला, त्या लहानशा पंख्याला निभावेल असा सगळ्यांत वरचा प्रोसेसर चष्मेवाल्याकडून बदलून आणला. प्रोसेसर बसला, पडदा उजळला. थोरल्यानं मशीन दिवसभर चालवून पाहिलं आणि सुट्टीच्या दिवशी भावजयीकडे नेऊन दिलं.

तिचं टेबल खिडकीपाशी होतं. भिंतीवर कुणाकुणाच्या स्वयंपाकघरांची चित्रं चिकटवलेली, माणूस एकाही चित्रात नाही. पुतणी आतल्या खोलीत फोनवर कुणाशी तरी खिदळत होती. भावजयीनं एक चित्र तयार करायला लावलं. ओटा आला, कपाटं आली, नळ आला, नळावरची चमकसुद्धा आली.

"अगंबाई!" ती म्हणाली. "मला उठायलाही वेळ मिळाला नाही." मग तिनं पडद्यावरून नजर न हलवता विचारलं, "म्हणजे त्यांनी आणलेला चालला शेवटी?"

हो म्हणणं सोपं होतं. थोरल्यानं तोंड उघडलंही होतं.

"नाही," तो म्हणाला. "हा वेगळा आहे. तो चालणारा नव्हताच. तू त्या दिवशी विचारलंस ना, का आणला. त्याला तेव्हाच कळेनासं झालं होतं. मला दिसत होतं, पण माझ्या लक्षात आलं नाही."

भावजय उठली, आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं आणि परत येऊन बसली.

"माझ्या लक्षात आलं होतं," ती म्हणाली. "ते दाराशी उभे राहायचे. किल्ली हातात, आणि कुठल्या बाजूला फिरवायची ते आठवायचं नाही. मी म्हटलं, डॉक्टरकडे जाऊ. तर म्हणाले, सुट्ट्या लागल्या की जाऊ. म्हटलं, निदान भाऊजींना तरी सांगते."

"मग?"

"म्हणाले, दादाला सांगू नकोस, माझी शपथ आहे. तो मला काउंटरवरून उठवेल." तिनं माउस जरा सरकवला, परत होता तिथं ठेवला. "मी शपथ मोडायला हवी होती. रोज वाटतं."

थोरल्यानं पडद्याकडे पाहिलं. रिकामं, झगझगीत स्वयंपाकघर. काहीतरी बोलायला हवं होतं. तुझी चूक नाही म्हणावं, माझीही नाही म्हणावं. शब्द तयार होते, पण ते दुसऱ्या कुणाचे तरी वाटत होते.

"उठवलं असतं मी," तो शेवटी म्हणाला. "त्याचं बरोबर होतं."

"हो ना," ती म्हणाली, आणि डोळे पुसले. निघताना तिनं त्याला डब्यात काहीतरी खायला दिलं. काय आहे ते त्यानं पाहिलं नाही. जिना उतरताना एवढंच जाणवलं, की डबा गरम आहे.

घरी बायको स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. एरवी तो बूट काढून सरळ टीव्हीपुढे जाऊन बसायचा. आज दारातच उभा राहिला आणि तिला सगळं सांगून टाकलं. प्रोसेसर, चष्मेवाला, किल्ली, काउंटर. सलग, एका सुरात, बातम्या वाचाव्यात तसं. तिनं फडकं खाली ठेवलं नाही, पण हात थांबले होते.

"आणखी एक आहे," तो म्हणाला. "तिला नाही सांगितलं ते. वकिलाचं मशीन शाळेला गेलं ना, त्या दिवशी मी त्याच्यावर ओरडलो होतो. गिऱ्हाइकासमोर. म्हटलं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

बायकोनं हळूच विचारलं, "काय म्हणाले ते?"

"म्हणाला, कुठंतरी ठेवलंय रे, सापडत नाहीये."

"आणि तुम्ही?"

"हसलो मी. गिऱ्हाईकही हसलं. सगळेच हसलो."

ते वाक्य संपलं आणि त्याचा आवाज बसला. खोकला आल्यासारखं झालं. त्यानं खोकून पाहिलं, पण तो खोकला नव्हता. बायकोनं फडकं खांद्यावर टाकलं, त्याच्या हातातला डबा काढून घेतला आणि पायानं स्टूल त्याच्याकडे सरकवलं.

"बसा," ती म्हणाली.

तो बसला.